तुमचे प्रश्न: पावसाळ्यात किनाऱ्यावर येणारा कचरा निघतो कुठून?

मागच्या अंकात कचऱ्यावरचे प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, तर बहुतेकांनी समुद्राबद्दलच लिहिलंय. एकाच विषयावरची पत्रं एकत्र घेतलीत. बऱ्याच जणांनी नाव नको म्हणून सांगितलं, म्हणून सगळ्यांचीच नावं गाळून फक्त गोव्यातलं गाव ठेवलंय.

प्रश्न: आमचं घर किनाऱ्याला लागूनच आहे. दरवर्षी जून-जुलैत एखाद्या दिवशी सकाळी बघावं तर वाळू दिसतच नाही, बाटल्या, चपला, थर्माकोल, औषधाच्या डब्या, लाकडं, सगळा खच. लोक म्हणतात हे जहाजांवरून येतं, काही बाटल्यांवर तर परदेशी लेबलं असतात. मग पंचायतीला दोष कशाला द्यायचा? (मोरजी)

उत्तर: थोडं जहाजांचं आहे, बरंचसं आपलं आहे, आणि कुठलं कुणाचं हे पुष्कळदा ती वस्तू हातात घेतली की कळतं. पुढच्या वेळी एक बाटली उचलून बघा. तिला मऊ देठावर पांढुरकी शिंपली असावी असे जीव चिकटलेत का? त्यांना गूज बार्नेकल म्हणतात, ते तरंगणाऱ्या वस्तूंवर वाढतात आणि वाढायला त्यांना वेळ लागतो, त्यामुळे असे घोसच्या घोस असलेली बाटली बरेच दिवस उघड्या समुद्रात फिरून आलीय असं समजा. उलट बाटली बाहेरून स्वच्छ आहे, लेबल अजून धड आहे, आत थोडी लाल माती नाहीतर कुजलेली पानं आहेत, तर ती जवळच्याच नदीतून किंवा व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, हल्लीच उतरलीय. परदेशी लेबलवाली बाटली जहाजावरून पडलेली असू शकते, पण त्याच ढिगात दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शॅम्पूचे सॅशे किती आहेत तेही मोजून बघा, त्या काही जहाजावरून आलेल्या नसतात.

आता हे सगळं जूनमध्येच का येतं ते सांगते. पाऊस गेल्यापासून मे अखेरपर्यंत गटारात, पुलाखाली, बाजाराच्या मागच्या बाजूला, व्हाळाच्या काठावर जे जे टाकलं जातं ते तिथेच पडून राहतं, उन्हाने सुकतं, आणि पहिला मोठा पाऊस पडला की एकदम सुटतं. पणजीचा सांतइनेज नाला मांडवीत जातो, म्हापशाची नदी मांडवीलाच मिळते, साखळी गावावरून येणारी वाळवंटी नदी पण तिथेच, तिकडे सासष्टीत साळ नदी सगळं घेऊन बेतूलला समुद्राला मिळते. मांडवीचा उगम तर खानापूर तालुक्यात, म्हणजे वरच्या लोकांचंही त्यात आलं. हे सगळं नदीच्या मुखाबाहेर पडतं तेव्हा पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि लाटा जोरात, त्यामुळे तरंगणारं सामान फार आत न जाता परत किनाऱ्याला लागतं. त्यातच पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे असतो, हिवाळ्यात तो उलटा फिरतो, म्हणजे जुलैत मालवण-वेंगुर्ल्याकडचं काही आपल्याकडे येऊ शकतं आणि आपलं काही कारवारकडे जाऊ शकतं. तिथल्या लोकांनीही गोव्याकडे बोट दाखवलं तर त्यात तथ्य आहे.

जगभरातही हाच प्रकार आहे. २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अंदाज छापून आला, की २०१० या एका वर्षात किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेलं. जमिनीवरून. जहाजांचं त्यात धरलेलंच नव्हतं.

पंचायतीला दोष द्या असं मी म्हणत नाही, पण प्रश्न नक्की विचारा, आणि तो जूनमध्ये नाही तर एप्रिल-मेमध्ये विचारा. मान्सूनपूर्व सफाई म्हणून गटारं उपसतात, काढलेला गाळ आणि त्यातलं प्लास्टिक गटाराच्या काठावरच ठेवतात, गाडी उद्या येईल म्हणतात, आणि गाडीच्या आधी पाऊस येतो. उपसलेलं सगळं परत आत. हे मी आमच्या भागात बघतेय, तुमच्याकडेही होत असेल तर उपसल्याच दिवशी उचललं पाहिजे हा एवढाच मुद्दा ग्रामसभेत लावून धरा. हजार भाषणांपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

प्रश्न: मी तारवटी होतो, आता रिटायर्ड आहे. आमच्या वेळी जहाजावरचा कचरा रात्री सरळ पाण्यात जायचा, कोण काही बोलत नसे. आता नियम फार कडक झालेत असं मुलगा सांगतो. खरं का? (वास्को)

उत्तर: काका, मुलगा बरोबर सांगतोय. मार्पोल म्हणून आंतरराष्ट्रीय करार आहे, १९७३ चा, १९७८ मध्ये त्यात भर घातली, आणि त्याचं पाचवं परिशिष्ट फक्त कचऱ्याबद्दल आहे, ते ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू झालं. त्यात प्लास्टिकबद्दल काही सवलत नाही, किनाऱ्यापासून कितीही लांब असलात तरी टाकायचं नाही, म्हणजे नाही. पिशवी नाही, दोर नाही, जाळं नाही. २०१३ पासून नियम आणखी आवळले, आता जहाजावर कचरा जाळला तर त्याची राखसुद्धा समुद्रात टाकता येत नाही. उरलंसुरलं अन्न टाकता येतं, तेही बारीक दळलेलं असेल तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या बाहेर, नाहीतर १२ मैलांच्या बाहेर, आणि जहाज चालू असताना. जहाजावर कचऱ्याची नोंदवही ठेवावी लागते, कधी किती कुठे उतरवलं ते सगळं लिहायचं, आणि बंदरानेही तो कचरा घ्यायची सोय ठेवायची.

पाळतात का, तर मोठ्या कंपन्यांची जहाजं बहुतेक पाळतात कारण बंदरात तपासणी होते आणि दंड जबर असतो. पण भर समुद्रात रात्री बघायला कोण आहे? म्हणून बंदरातल्या तपासणीलाच महत्त्व आहे. वीस-बावीस माणसं दोन आठवडे जहाजावर राहिली, आणि उतरवायला प्लास्टिकचा कचराच नाही असं वहीत दिसत असेल तर तपासणाऱ्याने तिथेच थांबून विचारायला हवं. बंदरात कचरा देणं महाग किंवा कटकटीचं असेल तर तो समुद्रात जाण्याचा मोह वाढतो, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार.

मुद्दाम न टाकताही जातं ते वेगळंच. २५ मे २०२५ ला कोचीच्या जवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज बुडालं, त्यावर ६४० कंटेनर होते, आणि नंतर तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचे पांढरे दाणे येऊन पडले. मसुराएवढे दाणे, कारखान्यात वितळवून त्यांच्यापासून वस्तू बनवतात. वाळूतून ते वेचायचे म्हणजे चाळणीच लावावी लागते. २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जळालं तेव्हा असंच झालं होतं, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर.

प्रश्न: आम्ही रापणकार, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. रापण ओढली की मासळीबरोबर एवढं प्लास्टिक येतं की ते निवडण्यातच वेळ जातो. बाजूला काढून ढीग केला तर उचलायला कुणी येत नाही, भरतीला परत पाण्यात. ट्रॉलरवाले म्हणतात आमचं नाही. आम्ही काय करायचं? (बाणावली)

उत्तर: सगळ्यात जास्त वेळ मी या पत्राला दिला, कारण समुद्रातला कचरा रोज हाताने बाहेर काढणारे तुम्हीच आहात आणि त्याचा मोबदला सोडा, तो ठेवायला जागासुद्धा तुम्हाला मिळत नाही.

आधी तो जाळ्यात का येतो ते सांगते. आपल्याला वाटतं प्लास्टिक तरंगतं, पण सगळं नाही. पातळ पिशव्या, बाटलीची झाकणं तरंगतात. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड असतं, झाकण निघालं आणि आत पाणी शिरलं की ती तळाला जाते. नायलॉनचं जाळंही बुडतं, त्याला तरंगत ठेवायला फ्लोट लावावे लागतात. आणि रापण किनाऱ्याजवळचं पाणी तळापासून घेरून ओढते, म्हणजे नदीने आणून सोडलेलं आणि तळाला बसलेलं सगळं तुमच्याच वाट्याला.

ट्रॉलरवाल्यांचं म्हणाल तर मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, कुठल्याही जेटीवर एक चक्कर मारा, मालीम घ्या, कुटबण घ्या, शापोरा घ्या. जाळी विणायचं, सांधायचं काम चालू असतं आणि कापलेले निळे-हिरवे नायलॉनचे तुकडे, बोटाएवढे, जमिनीवर पडलेले असतात. पाऊस आला की ते जेटीवरून थेट पाण्यात. कुणी वाईट हेतूने टाकत नाही, पण पुढे तेच तुकडे रापणीत आणि पक्ष्यांच्या घरट्यात दिसतात. अख्खं जाळं सुटलं तर आणखी वाईट, नायलॉन कुजत नाही, ते तसंच वर्षानुवर्षं मासे पकडत राहतं, कुणी खाणार नाही असे मासे, आणि त्यात कासवं अडकतात. श्वास घ्यायला वर येता आलं नाही की कासव गुदमरून मरतं. पॅसिफिकमधल्या कचऱ्याच्या पट्ट्याचा २०१८ मध्ये अभ्यास छापला त्यात वजनाने ४६ टक्के मासेमारीची जाळीच निघाली.

करता येण्यासारखं आहे. केरळात कोल्लमजवळ नीण्डकराला २०१७ मध्ये शुचित्व सागरम् म्हणून योजना सुरू झाली, जाळ्यात येणारं प्लास्टिक बोटवाल्यांनी परत पाण्यात न टाकता पिशवीत भरून बंदरात आणायचं, तिथे ते धुवून, निवडून, तुकडे करून रस्त्याच्या डांबरात वापरायचं. बायकांना तिथे काम मिळालं. आपल्या रापणकारांसाठी याहून साधी गोष्टसुद्धा चालेल, किनाऱ्यावर भरती पोचणार नाही अशा ठिकाणी एक झाकणाचा पिंजरा आणि ठरलेल्या वारी येणारी गाडी. तुमच्या संघटनेने मच्छीमार खातं आणि पंचायत दोघांनाही एकाच पत्रात लिहा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवेल. आणि रोज किती किलो निघतं ते महिनाभर वहीत मांडून ठेवा, वजन लिहिलेलं पत्र कुणाला सहज बाजूला टाकता येत नाही.

प्रश्न: ताई, शाळेत सांगितलं की पॅसिफिक महासागरात प्लास्टिकचं बेट आहे. त्यावर चालता येतं का? (नववीतली विद्यार्थिनी, डिचोली)

उत्तर: नाही गं, चालता येत नाही, आणि जवळून बोट गेली तरी बऱ्याच वेळा काही वेगळं दिसतही नाही. हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधे समुद्राचे प्रवाह गोल फिरतात, त्यात तरंगणारं प्लास्टिक जमा होत जातं. पसारा अंदाजे १६ लाख चौरस किलोमीटर, आपलं गोवा ३७०२ चौरस किलोमीटर, तूच भागाकार कर. पण ते विरळ पसरलेलं आहे आणि संख्येने बघितलं तर बहुतेक तुकडे अगदी बारीक. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. ऊन आणि लाटांनी प्लास्टिक कडक होतं, तडकतं, बारीक होत जातं, पण संपत नाही. म्हणूनच ते समुद्रातून गाळून काढणं एवढं कठीण आहे.

प्रश्न: मायक्रोप्लास्टिक माशांत असतं असं वाचलं तेव्हापासून धाकटी सून घरात मासळी नको म्हणते. बांगडे खायचे की नाही? (फोंडा)

उत्तर: खा. बांगडा आपण पोट साफ करून, कल्ले काढून खातो, आणि माशाने गिळलेले कण मुख्यतः आतड्यात आणि कल्ल्यांत सापडतात, ते तर तुम्ही टाकूनच देता. तिसऱ्या, शिनाणे, कालवं हे मात्र आपण पोटासकट खातो आणि हे जीव पाणी गाळूनच जगतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी साळ नदीच्या मुखाकडच्या पाण्यात, गाळात आणि शिंपल्यांतही असे कण सापडल्याचं २०२१ मध्ये छापलंय. म्हणून तिसऱ्या आणल्या की मिठाच्या पाण्यात काही तास ठेवून पाणी बदलायची आपल्या आयांची पद्धत सोडू नका, वाळू जाते, पोटातलंही काही बाहेर पडतं.

पण सूनबाईंना हेही सांगा की हे कण फक्त मासळीतून येत नाहीत, बाटलीबंद पाण्यात आहेत, घरातल्या धुळीत आहेत. हॉटेलातून गरमागरम शागुती पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणणं आधी बंद करावं, स्टीलचा डबा न्यावा. मासळी सोडून तेच चालू ठेवलं तर काय मिळवलं?

प्रश्न: निर्माल्य नदीत सोडायची आमची परंपरा आहे. आता त्यालाही बंदी म्हणतात. देवाचं फूल कचऱ्याच्या गाडीत कसं टाकायचं? (माशेल)

उत्तर: तुमची भावना मला कळते आणि ती हलक्यात घ्यायची नाही. पण आपल्या आजीच्या निर्माल्यात फुलं, दुर्वा, बेल, तुळस, फार तर सुती दोरा असायचा. आजच्या हारात प्लास्टिकचे मणी, चमकी, नायलॉनचा दोरा, आणि वर ते सगळं गाठ मारलेल्या पिशवीत. पुलावर गाडी थांबते, पिशवी कठड्यावरून खाली, नमस्कार, गाडी पुढे. त्या पिशवीतलं फूल पाण्याला लागतच नाही, आत सडतं, आणि पिशवी समुद्रापर्यंत जाते. नदीला आपण आई म्हणतो ना, मग तिच्या अंगावर गाठोडं फेकायचं का?

फुलं आणि पानं वेगळी काढून तुळशीच्या नाहीतर माडाच्या मुळाशी घाला, वर मूठभर माती. देवाचं फूल मातीत गेलं यात कसलाच कमीपणा नाही. दोरे, मणी, थर्माकोलच्या मखराचे तुकडे सुक्या कचऱ्यात. चवथीच्या आधी हार घेतानाच सुती दोऱ्यात ओवलेला मागा, चार गिऱ्हाइकांनी मागितला की फुलवालीही आणते.

प्रश्न: सिंगल यूज प्लास्टिकवर बंदी आली तरी दुकानात सगळं मिळतंय. आणि त्या हिरव्या 'कंपोस्टेबल' पिशव्या खऱ्या असतात का? (मडगाव)

उत्तर: १ जुलै २०२२ पासून देशभर स्ट्रॉ, प्लास्टिकचे कप-प्लेट-चमचे, कानाच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचं थर्माकोल वगैरे बंद झालं, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालत नाही. पण पाण्याची बाटली, वेफर्सचं पाकीट, सॅशे त्या यादीत नाहीत, आणि किनाऱ्यावर तर तेच जास्त सापडतं. माझ्या मते त्या कायद्याचा सगळ्यात मोठा कच्चा दुवा हाच. वेफर्सच्या पाकिटात दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे काढून रिसायकल करणं परवडत नाही, म्हणून गोव्यातून असा सुका कचरा कर्नाटकातल्या सिमेंटच्या भट्ट्यांत जाळायला पाठवतात. तोही गोळा झाला तर.

हिरवी पिशवी खरी असेल तर तिच्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्टिफिकेटचा उल्लेख असतो, तो बघा. पण खरी असली तरी ती मोठ्या कंपोस्ट प्लांटमध्ये साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत विरघळण्यासाठी बनवलेली असते, समुद्राचं पाणी तेवढं गरम नसतं, तिथे ती साध्या पिशवीसारखीच दीर्घकाळ राहते. कापडी पिशवी न्या, दुसरं काही शोधायला नको.

एक छोटी गोष्ट सांगते, आजपासून करता येईल. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका, नुसती चीर द्या, कोपरा चिकटलेला राहू दे. अख्खी पिशवी भंगारवाला घेतो, तो नखाएवढा कोपरा कुणीच घेत नाही, सिंकमधून गटारात, गटारातून व्हाळात, आणि रोज प्रत्येक घरातून एक-दोन.

प्रश्न: पर्यटक किनाऱ्यावर दारू पिऊन बाटल्या फोडतात. आपण किती दिवस त्यांचं उचलायचं? (कळंगुट)

उत्तर: कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीत पर्यटनस्थळी उघड्यावर दारू प्यायली किंवा बाटली फोडली तर एकट्याला २००० रुपये आणि ग्रुपला १०००० रुपये दंड ठेवला होता, २०२५ मध्ये दंड आणखी वाढवला. अंमलबजावणी हवी तेवढी नाही हे रोज दिसतंच. मला स्वतःला दंडापेक्षा डिपॉझिटवर जास्त विश्वास वाटतो. बाटली विकतानाच जादा पैसे घ्यायचे, रिकामी परत दिली की पैसे परत. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या पेयांच्या बाटल्यांवर आणि कॅनवर हे आहे, तामिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दारूच्या दुकानात रिकामी बाटली परत दिली की १० रुपये मिळतात. गोवा सरकारनेही २०२४ मध्ये अशा योजनेची अधिसूचना काढली, तेव्हा आमदारांना भेटाल तेव्हा आमच्या दुकानात हे दिसायला कधी लागणार हे विचारा. पर्यटकाने बाटली टाकली तरी तिला किंमत असेल तर कुणीतरी ती उचलतंच.

प्रश्न: सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही मुलांना घेऊन किनारा साफ करतो. फोटो छान येतात, पण आठवड्याने सगळं जैसे थे. याचा खरंच उपयोग होतो का? (एक शिक्षक, काणकोण)

उत्तर: होतो सर, पण थोडं बदलून करा. एक तर उचलताना मोजा. मुलांचे गट करा, एक वेचणारा, एक लिहिणारा, आणि बाटली, झाकण, जाळ्याचा तुकडा, थर्माकोल, सॅशे असे रकाने. दरवर्षी तोच शंभर मीटरचा पट्टा घ्या म्हणजे तुलना करता येईल. झाकणं जास्त की दोर जास्त, एवढं कळलं तरी कचरा बाजारातून येतोय की जेटीवरून याचा अंदाज येतो.

दुसरं, तुमच्याकडे गालजीबाग आणि आगोंद आहे, तिथे साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्या दिवसांत वाळूत दाताळं घालायचं नाही, वन खात्याच्या लोकांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. समुद्राने टाकलेलं शेवाळ आणि लाकूड उचलू नका, ते किनाऱ्याचंच आहे, कुर्ल्या आणि पक्षी त्यावर जगतात. मे-जूनला समुद्रातून तेलाच्या डांबरासारख्या चिकट गोळ्या आल्या तर मुलांना हात लावू देऊ नका, पायाला लागल्याच तर खोबरेलाने पुसून मग साबण.

आणि सप्टेंबरचा शनिवार ठेवाच, पण मे महिन्यात शाळा सुरू असेल किंवा सुट्टीतली मुलं गोळा होत असतील तर आणखी एक सकाळ काढा आणि किनाऱ्यावर न जाता गावातल्या व्हाळाच्या काठाने वर चालत जा, पूल, बाजार, कोपऱ्यावरचं हॉटेल, असं. पावसाच्या आधी तिथून उचललेली एक गोणी कोरडी असते, हलकी असते, त्यातली बाटली भंगारवाला घेतो. तीच जुलैत किनाऱ्यावर वाळू आणि मीठ लागून येते तेव्हा ती कुणी घेत नाही. फक्त त्याआधी पंचायतीकडून गाडीची वेळ लेखी घ्या, आणि गाडी आली नाही तर फोन कुणाला करायचा तेही त्याच कागदावर लिहून घ्या.